उष्ट्या आठळ्या

११ एप्रिल १९९९, रविवार

डोकं तापलंय. कारण सांगण्यासारखं नाही, तरी तापलंय.

पेठेतल्या महिला मंडळाला पंचवीस वर्षं होणार, म्हणून पुस्तक काढायचंय. विषय फणस. इतिहास, पदार्थ, सगळं. मंडळाच्या अध्यक्ष नलिनीताई (पुढं नुसतं न.ताई लिहीन, पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही). फणसच का, तर त्यांच्या मिस्टरांनी गगनबावड्याच्या वाटेला जमीन घेतली आणि तिच्यात फणसाची झाडं निघाली. चिंचा निघाल्या असत्या तर चिंचेवर काढलं असतं.

मला बोलावलं ते दोन कारणांनी. एक, मी आजऱ्याकडची, फणसाच्या मुलखातली. दोन, माझं अक्षर. प्रेसला द्यायची प्रत मी लिहायची. मराठीच्या बाईला आणखी काय काम देणार!

शेजारच्या शिवलीलाअक्का बरोबर होत्या. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, घरात निम्मं कानडी. फणसाच्या पानांचे द्रोण करून त्यात इडली उकडतात ती त्या सांगायला लागल्या, तर सगळ्या बायका वह्या उघडून बसल्या. ‘हलसिन हण्णू’ म्हणजे पिकला फणस, हे तर सगळ्यांनी दोनदोनदा म्हणून बघितलं.

चहा आला. माझा कप वेगळा आहे का ते बघितलं. नव्हता. सवयीनं बघते. मग बघितल्याचाच राग आला. घरी येऊन विनाकारण ह्यांच्यावर ओरडले. ह्यांची मॅच होती, कानापर्यंत काही गेलं नसणार.

१८ एप्रिल

आई आली. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. हातात कपड्यांची पिशवी एवढीशी आणि पोत्यात कोवळे फणस चार. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, ‘‘म्हातारे, ह्याचं अर्धं तिकीट काढ.’’ आई म्हणाली, ‘‘मग त्याला बसाय जागा दे.’’ सगळी गाडी हसली म्हणे. मला मात्र कंडक्टरचा राग. आईला म्हातारे म्हणायचं काय काम.

२० एप्रिल

फणसाची भाजी. मी चिरायला घेतला, हात चिकानं भरून बसले. आईनं ओढून घेतला. ‘‘दे हिकडं, मास्तरीण. तेल लावल्याबिगार हात घालतंय व्हय कुणी?’’ कोयत्याला तेल, विळीला तेल, कोपरापर्यंत हाताला तेल. काटेरी साल उतरवून, चीक कापडानं टिपून, फोडी हळदीच्या पाण्यात टाकल्या. उकडून ठेचल्या. तव्यात कांदा, खोबरं, आपला कांदा-लसूण मसाला. हे दोन वेळा म्हणाले, मटण हाय का काय हे! कोल्हापूरच्या माणसाला कशाचंही कौतुक करायचं झालं की मटणच आठवतं.

भाजी लिहून काढली. न.ताईंना आवडेल. (आवडू दे नाहीतर न आवडू दे.)

२५ एप्रिल

परवा ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आहे म्हणून आईला काम करता येत नाही आणि काम करता येत नाही म्हणून ती बोलायला लागलीय. माझ्या सदतीस वर्षांत एवढी बोललेली ऐकली नव्हती.

मी सहज विचारलं, आठळ्यांच्या भाकरीचं काय गं? तू करायचीस बघ, आम्ही लहान असताना पावसाळ्यात. मग सांगत सुटली.

तिचा बाप, म्हणजे माझा आज्जा, गावातल्या थोरल्या घरचे फणस उतरवायचा. फणस खाली टाकायचा नसतो, फुटतो. दोर बांधून सोडायचा. चढायचा आज्जा, कोयता लावायचा आज्जा, खांद्यावर घेऊन ओसरीच्या पायरीपर्यंत न्यायचा आज्जा. लौकर पिकावा म्हणून देठात लाकडी खुंटी ठोकायची, तीही आज्जानंच. पिकला का नाही ते थापटी मारून, कान लावून आज्जाच सांगायचा. पण फणसावर कोयता बसला, दोन भकलं झाली आणि पिवळं दिसलं, की आज्जानं मागं सरायचं. पायरीखाली जाऊन उभं राहायचं.

‘‘सालीला हात चालायचा, सुमे. गऱ्याला न्हाय.’’

कापा, घट्ट गऱ्यांचा, त्या घरात राहायचा. बरका, बुळबुळीत, जास्तच झाला, कुणी खाईना, की आमच्यात यायचा. आणि आठळ्या. त्या घरातल्या माणसांनी गरे खाऊन तोंडातनं काढलेल्या आठळ्या एका मोडक्या पाटीत जमवायच्या. चारआठ दिवसांनी पाटी मागच्या दाराला ठेवायची. आई आणि आज्जी जाऊन अंगण सारवायच्या, गोठा काढायच्या आणि पाटी घेऊन यायच्या.

मग त्या आठळ्या राखेत चोळायच्या. बुळबुळ जाते आणि दुसऱ्याच्या तोंडाचं जातं, असं आज्जी म्हणायची. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात तीनदा धुवायच्या. चार उन्हं द्यायची. चुलीतल्या गरम राखेत भाजायच्या, वरचं पांढरं टरफल काढायचं, कांडायच्या आणि निम्म्याला निम्मं नाचणं घालून दळायच्या. न भाजता दळलं तर पोट तट्ट फुगतं आणि कळा येतात. आषाढात काम बंद पडलं की हीच भाकरी. माझी मोठी मावशी हिच्यावरच जगली म्हणे.

सगळं लिहून घेतलं. घाईत अक्षर घाण आलंय.

२ मे

सुट्टी. दोन दिवस बसून चांगली प्रत केली. ‘आठळ्यांची भाकरी’. साहित्य, कृती, आणि कृतीच्या आधी एक परिच्छेद, पीठ कसं करायचं त्याचा. पहिलं वाक्य असं टाकलंय: ‘‘थोरल्या घरच्या माणसांनी खाऊन टाकलेल्या उष्ट्या आठळ्या अंगण सारवण्याच्या बदल्यात मिळत, त्या आणून प्रथम राखेत चोळाव्यात.’’ मग धुणं, वाळवणं, भाजणं सगळं ओळीनं. खाली: सांगणार, हौसाबाई कांबळे, ता. आजरा.

अकरा वर्षं निबंध तपासतेय. एवढं सरळ वाक्य मी आजवर लिहिलं नव्हतं.

आईला वाचून दाखवलं नाही. झोपली होती.

९ मे, रविवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. आधी पाणी प्यायले, मग वही घेतली.

न.ताईंकडं गेलते. माझी प्रत समोर. भाजीचं पान तसंच. अक्कांच्या इडलीचं पान तसंच, वर अक्कांचं नाव. आठळ्यांच्या पानावर लाल शाई. पिठाचा परिच्छेद पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत खोडलेला. उभी रेघ नाही, ओळ न् ओळ खोडलीय.

मी: हे काय?
न.ताई: सुमनताई, जेवणाच्या पुस्तकात उष्टं-खरकटं कशाला? वाचणारणीला घास गिळंल का?
मी: खाणारणीनं गिळलाच की.
न.ताई: अवो, तुमच्या भावना कळतात मला. पण हे इतिहासाचं झालं. इतिहासाला सरांची प्रस्तावना हाय की वेगळी.

बाकीच्या सगळ्या जणी ताटलीतल्या चिवड्यात खोबरं शोधत होत्या. अक्कासुद्धा.

नाव पण बदललं. ‘आठळ्यांचे पौष्टिक थालीपीठ’. आईचं नाव गेलं, ‘संकलन : मंडळ’ आलं. का, तर मंडळाच्या सभासदांचीच नावं घालायची असं ठरलंय. कधी ठरलं? अक्का कधी सभासद झाल्या? अक्का म्हणे गेल्याच आठवड्यात पावती फाडली. मला पावतीचं कुणी विचारलं नाही. लिहायला अक्षर चाललं.

मी काय केलं? भांडायला पाहिजे होतं. ‘बघा तुम्हाला काय वाटतं ते’ म्हणाले आणि चप्पल घातली. जिन्यात मग सगळी उत्तरं सुचली. एकेक असलं, की ऐकून न.ताईंची दातखीळ बसली असती.

हे म्हणाले, ‘‘जाऊ दे की गं.’’ जाऊ दे म्हणायला ह्यांचं काय जातंय!

१० मे

अक्का आल्यात्या. दारातच उभ्या. ‘‘सुमन, मला काय म्हाईत न्हवतं गं. तुजं पण नाव हाय असंच वाटलं.’’ मी म्हटलं, या आत. आल्या नाहीत. वाटीत काहीतरी आणलं होतं ते ठेवून गेल्या. फणसाचा गोड कडबू होता. खाल्ला. राग असला तरी चांगला झालता, खोटं कशाला बोलू.

१६ मे

प्रस्तावनेची प्रत पण माझ्याकडंच आली लिहायला. म्हणजे बघा! नाही म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही. सर म्हणजे कुणीतरी निवृत्त प्राध्यापक. संस्कृतात पनस, पोर्तुगीज आले, त्यांनी मलबारातल्या शब्दावरनं जाका म्हटलं, इंग्रजांनी त्याचं जॅक केलं. सह्याद्री हे फणसाचं मूळ घर. मग सांदणं, फणसपोळी, तळलेले गरे, कुठल्या सणाला काय.

माहिती चांगली आहे. मलाही नवी होती. पण सात पानांत झाडावर चढणारा माणूस एकपण नाही. फणस काय स्वतःच्या पायानं उतरून पाटावर येऊन बसला?

लिहिली सगळी. सुवाच्य अक्षरात.

२० जून, रविवार

प्रकाशन झालं. शाळेच्या हॉलमध्ये. जायचं नव्हतं, आईमुळं गेले. पट्टी सुटली, चष्मा आला, तेव्हापासून तिला सगळं बघायचंय. तिला कुणी सांगितलं कोण जाणे (अक्कांनीच), की पुस्तकात तुमचा पदार्थ आहे. नवं लुगडं नेसून तयार. मला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही.

गेल्या वर्षी गावातल्या साक्षरतेच्या वर्गात ती नाव लिहायला शिकली. तेवढंच येतं. हौसाबाई. चार अक्षरं. तेवढीच वाचतापण येतात.

हॉलमध्ये बसल्याबसल्या पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि ओळीवरनं फिरवायला लागली. मग दुसरं पान. मग तिसरं. भाषणं चाललीत आणि ही बोट फिरवतेय. मला बघवेना. चाळीसेक पानं झाली तेव्हा तिचा हात धरला. म्हटलं, आई, नाही त्यात.

‘‘मागच्या पानावर आसंल.’’

‘‘नाही गं. काढलं त्यांनी.’’

‘‘बरं.’’ पुस्तक मिटलं. पदरानं वरचं कव्हर पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. एवढंच. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी जगले असते.

मग खाणं. टेबलावर सगळे पदार्थ मांडलेले आणि मधोमध आठळ्यांचे पौष्टिक थालीपीठ, न.ताईंनी स्वतः केलेलं. आईनं एक तुकडा मोडला, नाकाजवळ नेला. ‘‘सुमे, ह्यांनी आठळ्या भाजल्या न्हाईत गं. वल्ल्याच वाळवून गिरणीत घातल्यात.’’ तुकडा परत ठेवला. मला म्हणाली, ‘‘सांग त्यास्नी. पोटं बिघडतील.’’

नाही सांगितलं. खुर्चीवर बसून बघत राहिले. न.ताईंनी दोन खाल्ली, लोणी लावून. सरांनी पण घेतलं. छान, छान, म्हणाले.

२२ जून

अख्ख्या पेठेत बोंब. प्रकाशनाला आलेल्या निम्म्या बायका परवापासून आडव्या. पोटं फुगून, कळा, सगळं. न.ताईंना सलाइन. सरांचं कळलं नाही.

सोपं आहे. पीठ करायची रीत त्या परिच्छेदात होती. परिच्छेद उष्टा म्हणून काढला, त्याबरोबर राख गेली, उन्हं गेली, भाजणं गेलं. उरलं ते ‘आठळ्यांचे पीठ दोन वाट्या’. एकीच्याही डोक्यात आलं नाही, की हे पीठ होतं कसं.

हसले. बाथरूमची कडी लावून हसले. मग रडले. आईनं सांग म्हटलं होतं, मी सांगितलं नव्हतं. राग काढायचा तर तोंडानं काढायचा होता. कुणाच्या पोटावर काढायला मी कोण?

पण आलं हसू. काय करू.

२३ जून

आईला कळलं. जेवायला बसल्यावर: ‘‘तू सांगितलं न्हाईस.’’ मी म्हटलं, नाही. ‘‘म्या तुला आसं शिकीवलं न्हवतं.’’ ताट तसंच ठेवून उठली. मोठ्या मनाची माणसं! ज्यांनी तिचं नाव खोडलं त्यांच्या पोटाची काळजी. मला चीड येते ह्या चांगुलपणाची. भांड्यांचा आवाज करत भांडी घासली.

२६ जून

आई गावाला गेली. पुस्तकाची प्रत तिच्या पिशवीत घातली नाही. तिनंही मागितली नाही.

१४ ऑगस्ट

पाऊस. शाळा. महिला मंडळाकडं गेलेली नाही. अक्का म्हणतात, गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत, कुणी पुस्तक हातात धरत नाही. आठळ्यांच्या पानाची चेष्टा चाललीय पेठेत. कट्ट्यावरची माणसं एकमेकाला विचारतात, काय पावणं, थालीपीठ खाणार का?

दीड महिना ह्या वहीत काही लिहिलं नाही. लिहायला बसले की तेच बोट दिसायचं, ओळीवरनं फिरणारं.

१२ मार्च २०००, रविवार

न.ताई घरी. माझ्या घरी! पंधरा वर्षं एका पेठेत राहतोय, पहिल्यांदा जिना चढल्या. धापा टाकत. ह्यांनी खुर्ची दिली, पेपर आवरला, पंखा लावला. जसा काही जिल्हाधिकारी आलाय.

चहा केला. प्याल्या. पुन्हा तेच बघितलं मी, पितात का. पितात. (हे बघणं कधी सुटणार माझं?)

म्हणाल्या, पुस्तक दुसऱ्यांदा छापायचंय. बाकी सगळं तसंच, तेवढं पान दुरुस्त करायला पाहिजे. ‘‘लोक हसतात वो आमाला. तुमच्या आईंना विचारून नीट कृती द्या. नाव पण घालते त्यांचं.’’

मी: परिच्छेद अख्खा येणार. पहिल्या वाक्यासकट. एक शब्द कापायचा नाही.
न.ताईंनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला.
मी: नाहीतर घ्या तसंच छापून. आणि सलाइनची सोय करा.

हे आतनं खोकले. खोकू देत.

मग म्हणाल्या, ‘‘सुमनताई, खरं सांगू? मी ते वाचलं तवा मला लाज वाटली. माझ्या आजोळी पण मागच्या दाराला पाटी असायची. म्हणून खोडलं.’’

एवढा वेळ मला वाटत होतं, की ही बाई कोडगी आहे. कोडगी नाही म्हटल्यावर आणखीनच राग आला. लाज वाटली तुम्हाला आणि नाव गेलं माझ्या आईचं? असं म्हणालेपण. ह्या वेळी जिन्यात नाही, तोंडावर.

शेवटी उठताना: ‘‘बरं. पान तुमच्या आईच्या नावावर जाणार. त्यांना चालत असंल तर मी अख्खं छापते. पण त्यांना वाचून दाखवा. त्यांचा होकार पायजे. एवढंच.’’

गेल्या. जिंकले की मी! दुपारभर घरात नुसती चालत होते.

२ एप्रिल, रविवार

आई परवा आली. आता उजवा डोळा. आज तिला सांगितलं. वाटलं होतं खूश होईल.

नाव म्हटल्यावर झाली की खूश. ‘‘माजं? हौसाबाई म्हणून? छापील?’’ पोरीसारखी हसली. मग मी सगळं सांगितलं. गेल्या वर्षी काय लिहिलं होतं, न.ताईंनी काय खोडलं, आता अख्खं येणार, उष्ट्या आठळ्यांसकट.

चेहराच बदलला. एवढं चिडलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

‘‘तू कुणाला इचारून लिवलंतंस?’’

‘‘तूच तर सांगितलंस.’’

‘‘तुला सांगितलं. लेकीला. गावाला न्हाय.’’

मी तिला शिकवायला लागले. आपण का लाजायचं, लाज त्यांनी वाटून घ्यायची, हे सगळं जगाला कळलं पाहिजे, बाबासाहेबांनी काय सांगितलं. व्याख्यानच झोडलं. माझ्या आईला! जी छप्पन साली बापाबरोबर सभेला गेली आणि घरातले देव ओढ्यात सोडताना जिनं स्वतःच्या हातानं टोपलं धरलं.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘झालं? आता माजं आयक. भुकंची लाज न्हाय मला. अंगण सारवल्याची न्हाय. पर एक डाव पाटीत एका आठळीला आख्खा गरा तसाच व्हता. कुणीतरी तोंडात घालून टाकल्याला. माज्या आईच्या नदरंला पडायच्या आदी म्या उचलला अन् खाल्ला. कापा व्हता. त्या आदी म्या कापा कदीच खाल्ला न्हवता.’’

मी तांब्याभांडं तिच्याकडं सरकवलं.

‘‘ग्वाड लागला, सुमे. लई ग्वाड लागला. त्याचा राग येतो मला. आजून येतो. माजं नाव घाल, रीत सगळी घाल, पर उष्टं लिवू नगंस. माज्या नातवंडांनी ते पान वाचायचं न्हाय.’’

मग भिंतीकडं तोंड करून पडली.

३ एप्रिल

मी चुकले का? शाळेत दिवसभर हेच. सातवीच्या पोरींवर तीनदा ओरडले. एक रडली. तिला मग कॅडबरी दिली.

ह्यांना विचारलं. हे पहिल्यांदाच ‘जाऊ दे’ म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘‘नाव त्यांचं, तोंड त्यांचं. तू कोण?’’

मी तिची लेक. ते अंगण तिनं सारवलं म्हणून मी शाळेत गेले. ती पाटी माझीपण आहे की! तिची एकटीचीच कशी? आणि ते वाक्य काढलं तर उरतं काय? राखेनं का चोळायचं, हे कुणी विचारलं तर काय सांगू? बुळबुळ जाते म्हणून? तेवढंच?

मला कुणाचंच म्हणणं पटत नाही. स्वतःचंसुद्धा.

५ एप्रिल

ऑपरेशन नीट झालं. पट्टी. आई ह्या वेळी बोलत नाही. विचारलं, की व्हय, न्हाय, बरं.

८ एप्रिल

पान लिहिलं. चार वेळा. एकदा वाक्याशिवाय लिहून बघितलं. छान, स्वच्छ दिसत होतं. कुणाच्याही स्वयंपाकघरात चाललं असतं. फाडलं.

वाक्यासकट लिहिलं. तेच ठेवलं.

९ एप्रिल, रविवार

उद्या पान द्यायचंय. दुपारी जेवणं झाल्यावर आईच म्हणाली, ‘‘वाच बघू काय लिवलंस.’’ तिच्या उशाशी बसले. पट्टी बांधलेली, चष्मा काढून ठेवलेला, तोंड माझ्याकडं. नावापासून वाचायला सुरुवात केली. आठळ्यांची भाकरी. सांगणार, हौसाबाई कांबळे. तिनं मान हलवली. पुढं ते वाक्य आलं. समोर दिसत होतं, माझ्याच अक्षरात. मी म्हटलं, ‘‘आठळ्या आणून प्रथम राखेत चोळाव्यात.’’ आणि पुढं गेले. धुणं, उन्हं, भाजणं, टरफल, नाचणं. शेवटपर्यंत.

आईनं मग हात पुढं केला, चाचपून माझा गुडघा धरला. ‘‘बेस झालंय गं. कायबी वंगाळ न्हाय त्यात. आनी एकडाव वाच की.’’

आणि एकदा वाचलं. पहिल्या वेळी त्या वाक्याला जीभ अडखळलेली. दुसऱ्या वेळी अडखळली नाही.

न.ताईंनी लाल शाईनं केलं, मी तोंडानं केलं. त्यांना निदान ते सगळ्यांसमोर करायची हिंमत होती.

आई झोपलीय. पान पिशवीत आहे, वाक्यासकट. उद्या अकराला न.ताईंच्या घरी. त्या एवढंच विचारणार आहेत, आईंना वाचून दाखवलं का.